खरे माप

शाळेच्या परिपाठात मुलांना दहा मूल्ये सांगितली जातात. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, वैज्ञानिक दृष्टिकोन ही त्यांपैकी काही. पुष्कळ शाळांत ती भिंतीवर सुवाच्य अक्षरांत रंगवलेलीही असतात. वैज्ञानिक दृष्टिकोनाला तर राज्यघटनेतही स्थान आहे. १९७६ सालच्या ४२ व्या घटनादुरुस्तीने नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत त्याचा समावेश झाला. परिपाठ संपतो, घंटा होते आणि गणित, भाषा, विज्ञान असे तास सुरू होतात. मूल्यांचे काम झाले, आता विषयाचे काम, अशी विभागणी नकळत होऊन जाते.

आमच्या मते ही विभागणीच चुकीची आहे. मूल्य ही सांगून शिकवण्याची गोष्ट नाही, हे आपण सारेच म्हणतो. मग ते शिकवायचे कोठे आणि कसे? या लेखात आम्ही त्याचे एकच ठिकाण घेणार आहोत. ते म्हणजे प्रयोगशाळेतील मोजमाप. आणि उदाहरणे घेणार आहोत पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यातील, कारण मोजमाप हाच या पट्ट्याचा रोजचा व्यवहार आहे.

मापावर चालणारा मुलूख

हा पट्टा फार जुना नाही. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, येथील कारखाना १९६६ सालचा. तेथून पहिले वाहन बाहेर पडले ते १९७७ साली. मधली वर्षे यंत्रे, साचे, हत्यारे आणि ती वापरणारे कारागीर घडवण्यात गेली. चिंचवड, पिंपरी, भोसरी, आकुर्डी ही गावे मिळून १९७० साली नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. पुढे नाशिक रस्त्याने कारखानदारी चाकणकडे सरकली. जे चाकण पूर्वी संग्रामदुर्गासाठी आणि कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाई, तेथे आता मोटारी आणि दुचाकी तयार होतात.

या पट्ट्यातल्या शाळेच्या कोणत्याही वर्गात डोकावा. कुणाचे वडील टर्नर, कुणाचे फिटर, कुणाची आई पॅकिंगला, कुणाचा भाऊ आयटीआय करून कंपनीत शिकाऊ उमेदवार. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोकण, शिवाय उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेली ही कुटुंबे आहेत. यांतल्या अनेक घरांत व्हर्नियर, मायक्रोमीटर, गेज हे शब्द रोज ऐकू येतात. शाळेत मात्र ते ‘आकृती काढा व भागांना नावे द्या’ या प्रश्नात भेटतात.

कारखान्यातले माप कसे असते

समजा एका दांड्याचा व्यास २५ मिलिमीटर हवा आहे. नकाशावर नुसते २५ लिहून भागत नाही. अधिक-उणे ०.०२ असे पुढे लिहावे लागते. म्हणजे २४.९८ पासून २५.०२ पर्यंतचा कोणताही दांडा चालेल, त्याबाहेरचा चालणार नाही. या मुभेला कारखान्यात टॉलरन्स म्हणतात. नेमके २५ मिलिमीटर कोणालाच करता येत नाही, हे त्यात मान्य केलेले असते. मात्र किती चुकले तर चालेल, हे आधी ठरवलेले असते आणि ते सर्वांना सारखेच लागू असते.

मग मोजायचे कशाने? शाळेतल्या व्हर्नियरचे लघुतम माप सहसा ०.१ मिलिमीटर असते. त्याने ०.०२ चा निवाडा होणार नाही. कारखान्यातले व्हर्नियर ०.०२ पर्यंत दाखवते आणि मायक्रोमीटर ०.०१ पर्यंत. त्या उपकरणावरही आंधळा विश्वास ठेवायचा नसतो. ठरावीक मुदतीने ते प्रमाणित मापांशी ताडून पाहतात आणि तपासणीची तारीख त्यावर चिकटवतात. जबडे मिटल्यावर शून्य येते का, हे वापरणारा स्वतः पाहतो. येत नसेल तर तेवढी शून्य त्रुटी वजा करतो.

याहून सूक्ष्म गोष्ट तापमानाची. लांबीची औद्योगिक मापे २० अंश सेल्सियसला धरतात. पोलाद तापले की वाढते. दर अंशाला साधारण एका मीटरमागे साडेअकरा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे साडेअकरा सहस्रांश. आता चाकणच्या एप्रिलमधल्या दुपारी ४० अंशांवर असलेला १०० मिलिमीटरचा दांडा घ्या. तो २० अंशांवरच्या स्वतःपेक्षा ०.०२३ मिलिमीटरने लांब असेल. वर सांगितलेली मुभा फक्त ०.०२ ची होती! नुसत्या उन्हाने चांगला जॉब बाद ठरू शकतो किंवा बाद जॉब चांगला ठरू शकतो. म्हणूनच मोठ्या कारखान्यांतील मापनकक्ष वातानुकूलित असतो. तो तेथे बसणाऱ्या माणसांच्या सोयीसाठी नसतो.

या साऱ्या व्यवस्थेच्या मुळाशी एक साधा करार आहे: जे दिसले तेच लिहायचे. ब्रेकच्या एखाद्या भागाचे माप मुभेबाहेर गेले आणि तपासनिसाने पाळी संपवण्याच्या घाईत ते मुभेत ‘बसवून’ लिहिले, तर त्या क्षणी कोणाचेच काही बिघडत नाही. कागद स्वच्छ दिसतो. किंमत मोजतो तो पुढे घाट उतरणारा कोणीतरी अनोळखी माणूस.

प्रयोगवहीतले ९.८१

आता शाळेकडे वळू. साध्या दोलकाने गुरुत्वत्वरण काढण्याचा प्रयोग कनिष्ठ महाविद्यालयात सर्वत्र होतो. या पट्ट्यातील काही ठिकाणच्या प्रयोगवह्या आम्ही चाळल्या आहेत. उत्तरे बहुतेक एकच: ९.८१ मीटर प्रति सेकंद वर्ग. कोठे ९.८०, कोठे ९.८२. सारणी नीटनेटकी, खाडाखोड नाही, खाली शिक्षकांची सही. चाळीस विद्यार्थ्यांचे चाळीस हात, वेगवेगळे दोरे, वेगवेगळी घड्याळे आणि उत्तर मात्र एक. ज्याने एकदा तरी मनापासून मोजमाप केले आहे, त्याला या वह्या पाहूनच समजते की येथे काहीतरी मोजलेले नाही. उत्तर आधी लिहिले आणि त्यावरून रीडिंग मागे काढले. विद्यार्थ्यांच्या भाषेत याला ‘रीडिंग बसवणे’ म्हणतात.

यात गंमत पुढेच आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये गुरुत्वत्वरण ९.८१ नाहीच!

पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी आहे आणि स्वतःभोवती फिरते. त्यामुळे गुरुत्वत्वरण विषुववृत्तावर सुमारे ९.७८ आणि ध्रुवांवर सुमारे ९.८३ असते. उंचीनेही ते थोडे कमी होते. पुणे परिसर साडेअठरा अंश अक्षांशावर आणि समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. या दोन्हींचा हिशेब केला तर येथील मूल्य सुमारे ९.७८ येते. ९.८१ हे पॅरिसचे मूल्य आहे. वजने-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९०१ साली प्रमाण म्हणून ठरवलेले ९.८०६६५ हे मूल्यही साधारण ४५ अंश अक्षांशाला जुळणारे आहे. युरोपातील पुस्तकांतून ते आपल्या पुस्तकांत आले आणि तेथून प्रयोगवह्यांत उतरले.

आता एक मुलगी कल्पनेत आणा. तिने काळजीने दोरा मोजला, काळजीने दोलने मोजली, आणि तिचे उत्तर आले ९.७८. शेजारच्याने सांगितले, ‘अगं, ९.८१ यायला पाहिजे.’ तिने खोडरबर घेतला. तिच्या त्या एका कृतीने तीन गोष्टी घडल्या. खरे उत्तर पुसले गेले. पॅरिसचे उत्तर पिंपरीचे म्हणून लिहिले गेले. आणि आपल्या डोळ्यांनी पाहिलेल्यापेक्षा छापलेले अधिक खरे असते, हा धडा ती कायमचा शिकली. ज्या मुलीचे आईवडील कंत्राटी कामगार आहेत, जिच्या घरच्यांच्या शब्दाला बाहेर फारशी किंमत नाही, तिला निदान प्रयोगशाळेत तरी ‘तुझे निरीक्षण हाच येथे पुरावा’ असे सांगायला हवे होते. तेथेही तिला उलटेच कळले.

परिपाठात दहा मूल्ये म्हणणाऱ्या त्याच शाळेत हे घडते. मुले काय बोलले जाते यापेक्षा कशाला गुण मिळतात याकडे पाहून मूल्ये शिकतात.

दोन जुनी रीडिंगे

विज्ञानाच्या इतिहासात या मुलीचे सोबती आहेत. १६७२ साली झाँ रिशे नावाचा फ्रेंच खगोलनिरीक्षक दक्षिण अमेरिकेतील केयेन येथे गेला. हे ठिकाण विषुववृत्तापासून जेमतेम पाच अंश दूर आहे. त्याच्याबरोबर पॅरिसमध्ये नीट लावलेले लंबकाचे घड्याळ होते. केयेनला ते दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. घड्याळ बरोबर चालावे म्हणून त्याला लंबक पावणेतीन मिलिमीटरने आखूड करावा लागला. घड्याळ प्रवासात बिघडले, असे म्हणून त्याला मोकळे होता आले असते. पण त्याने अनेक महिने निरीक्षण चालू ठेवले आणि जे दिसले ते नोंदवले. पुढे न्यूटनने १६८७ सालच्या आपल्या ग्रंथात या निरीक्षणाचा उपयोग केला. पृथ्वी पूर्ण गोल नाही, याचा तो एक आधार ठरला. पॅरिस आणि केयेन यांमधला फरक सुमारे ०.३ टक्के आहे. पुस्तकातले ९.८१ आणि पिंपरीचे ९.७८ यांतला फरकही तेवढाच. म्हणजे आपल्या विद्यार्थ्याने जे पुसून टाकले, ते रिशेने जपले.

दुसरे उदाहरण लॉर्ड रॅले यांचे. हवेतून प्राणवायू वगैरे काढून उरलेला नायट्रोजन आणि रासायनिक संयुगांपासून मिळवलेला नायट्रोजन या दोघांची घनता त्यांनी मोजली. पहिल्याची लिटरला १.२५७२ ग्रॅम आली, दुसऱ्याची १.२५०५ ग्रॅम. फरक जेमतेम अर्धा टक्का. एकच वायू, मग दोन घनता कशा? ‘प्रायोगिक चूक’ असे लिहून पान उलटणे सोपे होते. रॅले यांनी १८९२ साली ‘नेचर’ या नियतकालिकात ही अडचण जाहीर मांडली आणि वाचकांकडे खुलासा मागितला. विल्यम रॅम्से यांच्यासह शोध घेतल्यावर १८९४ साली उलगडा झाला. हवेतल्या ‘नायट्रोजन’मध्ये एक जड, निष्क्रिय वायू मिसळलेला होता. तो आर्गॉन. हवेत तो जवळजवळ एक टक्का आहे आणि तोपर्यंत कोणालाही तो दिसला नव्हता. १९०४ साली रॅले यांना भौतिकीचे आणि रॅम्से यांना रसायनाचे नोबेल पारितोषिक मिळाले. भोसरीच्या कोणत्याही फॅब्रिकेशनच्या शेडबाहेर ‘आर्गॉन वेल्डिंग’ची पाटी दिसते. तो हाच वायू. तिसऱ्या दशांश स्थळावरचा आकडा न पुसल्यामुळे तो सापडला.

पिंपरीच्या मातीचाही या संदर्भात उल्लेख करायला हवा. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या संशोधन प्रयोगशाळेत १९६० च्या दशकात डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीनाशक प्रतिजैविक शोधून काढले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळते त्याचे शास्त्रीय नाव ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’. गावाचे नाव जीवशास्त्राच्या कोशात गेले आहे. पिंपरीतल्या किती शाळांत हे सांगितले जाते?

प्रयोग खरा कसा करावा

आता कामाचे बोलू. पिंपरीचे ९.७८ आणि पुस्तकातले ९.८१ यांतला फरक वर्गात दिसू शकेल का? दिसू शकेल, पण सहज नाही. त्या ‘सहज नाही’मध्येच शिक्षण आहे.

एक मीटर लांबीचा दोलक घ्या. सूत्र सोपे आहे: ३९.४८ ला लांबीने गुणायचे आणि आवर्तकाळाच्या वर्गाने भागायचे. गुरुत्वत्वरण ९.८१ असते तर १०० दोलनांना २००.६ सेकंद लागले असते. ९.७८४ असेल तर २००.९ सेकंद लागतील. साराच फरक सुमारे पाव सेकंदाचा. घड्याळ सुरू आणि बंद करताना हाताची चूक साधारण ०.२ सेकंदाची होते. म्हणून एका गटाच्या एका रीडिंगवरून निवाडा करता येत नाही.

पण ही हाताची चूक कधी इकडे तर कधी तिकडे होते. अशा चुका सरासरीत एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात. दहा गटांची सरासरी घेतली तर चूक साधारण तिपटीने कमी होते, म्हणजे ०.०६ सेकंदाच्या आसपास येते. मग पाव सेकंदाचा फरक उघड दिसू लागतो. जे एका विद्यार्थ्याला जमत नाही, ते चाळीस जणांचा वर्ग मिळून करतो. मात्र त्यासाठी प्रत्येक गटाने आपले खरे रीडिंग द्यायला हवे. एका गटाने जरी शेजाऱ्याचे उतरवले, तरी सरासरीची ताकद तेवढी घटते. सहकार्याचा पाठ याहून चांगला कोणता असेल?

काही चुका मात्र सरासरीने जात नाहीत. त्या शोधाव्या लागतात. विद्यार्थ्यांना त्या आधी सांगू नयेत, उत्तर वेगळे आल्यावर शोधायला लावाव्यात. शिक्षकांच्या माहितीसाठी त्या येथे देत आहोत.

पहिली, मोजणीची. घड्याळ सुरू करताना ‘एक’ म्हटले की प्रत्यक्षात ९९ दोलने होतात आणि उत्तर ९.९८ च्या घरात जाते. सुरुवातीला ‘शून्य’ म्हणायचे.

दुसरी, लांबीची. लांबी टांगण्याच्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते. गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंतच मोजली आणि त्रिज्या एक सेंटिमीटर असली, तर उत्तर एक टक्क्याने कमी येते. गोळ्याचा व्यास व्हर्नियरने मोजावा. व्हर्नियरचा खरा उपयोग मुलांना येथे पटतो.

तिसरी, झोक्याची. सूत्र लहान झोक्यापुरते खरे आहे. एक मीटरचा दोलक १७ सेंटिमीटर बाजूला ओढला, म्हणजे सुमारे १० अंश, तर उत्तर जवळजवळ ०.०४ ने कमी येते. आपण शोधतो तो फरकच ०.०३ चा! म्हणून पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त ओढू नये. गोळा धातूचा आणि जड असावा, म्हणजे १०० दोलने सहज मिळतात.

एक दोलन मोजण्याऐवजी शंभर का मोजायची, हेही येथे उमगते. ०.२ सेकंदाची चूक दोन सेकंदांत दहा टक्के ठरते, दोनशे सेकंदांत एक दशांश टक्का. एका वाचनाला साडेतीन मिनिटे, तीन वाचनांना दहा-बारा मिनिटे. प्रात्यक्षिकाच्या एका जोडतासात हे सारे बसते.

शेवटी दहाही गटांचे आकडे फळ्यावर मांडावेत. नाव घालून, जसे आले तसे. एखाद्या गटाचा आकडा फार दूर असेल तर तो काढून टाकू नये. ‘असे का झाले असेल?’ हा प्रश्न वर्गाला विचारावा. रागवू नये. ज्या वर्गात चुकीच्या आकड्याला हसले जाते, त्या वर्गात पुढच्या वेळी सर्व आकडे बरोबर येतात आणि प्रयोग तेथेच संपतो.

पाबळचा धडा

हे सारे आदर्शवादी वाटेल. म्हणून चाकणपासून फार दूर नसलेल्या एका ठिकाणाचा दाखला देतो. राजगुरुनगरहून पूर्वेला गेले की शिरूर तालुक्यातले पाबळ लागते. पावसाच्या बाबतीत कोरडे गाव. तेथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. कलबाग हे अन्नतंत्रज्ञानातील संशोधक. अमेरिकेत डॉक्टरेट घेऊन आलेले आणि एका मोठ्या कंपनीच्या संशोधन केंद्रात जबाबदारीच्या जागी काम केलेले. ती नोकरी सोडून ते सपत्नीक पाबळला राहायला गेले. २००३ साली त्यांचे निधन झाले. आश्रमाचे काम पुढे चालू राहिले.

कलबाग यांचे म्हणणे साधे होते: माणूस हातांनी काम करत करत शिकतो, तोच शिकण्याचा नैसर्गिक मार्ग आहे. त्यातून ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा आठवी ते दहावीचा अभ्यासक्रम तयार झाला आणि माध्यमिक शिक्षण मंडळाने त्याला मान्यता दिली. आठवड्यातला एक दिवस कामाचा. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे चार विभाग. मुले वेल्डिंग करतात, बांधकाम करतात, माती तपासतात, जमिनीचा विद्युतरोध मोजून पाण्याचा अंदाज बांधतात आणि केलेल्या कामाचा खर्चही काढतात.

येथे आमच्या विषयाशी जोडलेला मुद्दा असा की हे काम गावासाठी असते. शेतकऱ्याला मातीचा अहवाल देताना आकडा बसवून चालत नाही, कारण त्यावर तो खत घालणार असतो. लोखंडी चौकट मापात नसेल तर दार बसत नाही, आणि ते सर्वांना दिसते. प्रामाणिकपणावर व्याख्यान द्यावे लागत नाही. न बसणारे दारच ते काम करते. आणि ज्याला पुस्तकात गती नाही असा मुलगा उत्तम वेल्डिंग करतो तेव्हा श्रमप्रतिष्ठा हा शब्द वर्गाला न समजावता समजतो.

औद्योगिक पट्ट्यातल्या शाळांना हे अधिक सोपे आहे. शेजारी कारखाने आहेत, घरोघरी कारागीर आहेत. एखाद्या पालकाला शाळेत बोलावून मायक्रोमीटर कसा धरायचा, एवढेच दाखवायला सांगावे. सारा वर्ग ज्याच्या हाताकडे पाहतो आहे तो आपला बाप आहे, हे पाहणाऱ्या मुलाला मिळणारे शिक्षण कोणत्याही गुणपत्रिकेत मावणार नाही.

चाकणसारख्या गावात कांद्याचा काटाही चालेल. तराजूच्या दांडीचे दोन हात सारखे नसतील तर तो चुकीचे वजन दाखवतो. शेतकऱ्याच्या मुलाला हे ऐकून ठाऊक असते, ते पकडायचे कसे हे विज्ञान शिकवते. वस्तू एकदा डाव्या पारड्यात आणि एकदा उजव्या पारड्यात घालून तोलायची. एका बाजूला ५०० ग्रॅम आणि दुसऱ्या बाजूला ५१० ग्रॅम आले, तर काटा खोटा आहे. आणि खरे वजन दोन्हींच्या गुणाकाराचे वर्गमूळ, म्हणजे जवळजवळ ५०५ ग्रॅम. खोट्या काट्यावरूनही खरे वजन काढता येते! ही युक्ती ज्याला समजली त्याला कोणी सहज फसवू शकत नाही.

अडचणी आणि एक सूचना

शिक्षकांच्या अडचणी आम्हांला ठाऊक आहेत. वर्गात साठ-सत्तर मुले, उपकरणे अपुरी, अभ्यासक्रम मोठा, परीक्षेत गुण ‘बरोबर’ उत्तराला. वेगळे उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे बाहेरच्या परीक्षकाने गुण कापले तर? ही भीती खरी आहे. एकट्या शिक्षकाला सारी परीक्षापद्धती बदलता येणार नाही.

पण वर्षभरातल्या प्रयोगांचे गुण आपल्याच हाती असतात. तेथे एवढे करता येईल. दहापैकी पाच गुण मूळ नोंदींना द्यावेत, पेनने लिहिलेल्या. चूक झाली तर एका रेघेने खोडलेल्या, खोडरबर न वापरलेल्या. तीन गुण ‘माझे माप किती चुकलेले असू शकेल आणि का’ या दोन-चार ओळींना. उरलेले दोन उत्तराला. उत्तराच्या पुढे अधिक-उणे किती, हे लिहिल्याशिवाय उत्तर पुरे धरू नये. कारखान्यातला नकाशा जे मागतो तेच आपण मागतो आहोत. अशा वहीत ‘९.७ अधिक-उणे ०.१’ हे उत्तर ‘९.८१’ या कोरड्या आकड्याहून श्रेष्ठ ठरेल, कारण पहिल्यात विद्यार्थी आपल्याला काय ठाऊक आहे आणि किती ठाऊक नाही, हे दोन्ही सांगतो.

परिपाठातील यादी बदलण्याची गरज नाही. वक्तशीरपणा घड्याळ सुरू-बंद करताना येतो, नीटनेटकेपणा सारणीत येतो, सौजन्य दुसऱ्या गटाचा दूरचा आकडा ऐकून घेण्यात येते, आणि वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणजे तर या सर्वांची बेरीज. तपासायचे ते इतकेच: आपल्या शाळेत खरे रीडिंग लिहिणाऱ्याचे नुकसान होते की फायदा?

या वर्षी आपल्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर एक कागद लावून पाहा. वर शाळेचे नाव, खाली दहा गटांनी मोजलेली दहा मूल्ये, त्यांची सरासरी, अधिक-उणे किती, आणि तारीख. पुढच्या वर्षीच्या वर्गाने खाली आपली ओळ जोडावी. चार-पाच वर्षांत त्या कागदावर जो आकडा स्थिरावेल, तो पॅरिसचा नसेल, पुस्तकाचाही नसेल. तो आपल्या गावाचा असेल, आणि मुलांनी स्वतः मोजलेला असेल.